साळवे सरांचे तयार तुकडे

साळवे सर कामाला बसायचे म्हणजे त्याचा एक विधीच असायचा. आधी पिशवी टेबलावर, मग चष्मा पिशवीवर, मग दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि मग एक लांबलचक "हं." हे सगळं होईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हे आमच्या क्लासमध्ये नव्यानं आलेल्या पोरांनाही दोन दिवसांत कळायचं. रोज गावाहून एसटीनं यायचे, बहुतेक वेळा उभ्यानं, आणि जिना चढून वर आले की चेहरा असा दिसायचा की दिवस सुरू व्हायच्या आधीच संपलाय.

श्रीरामपुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली शेठचं साड्यांचं दुकान होतं आणि वर त्यांचाच संगणकाचा क्लास. मी तिथं मराठी टायपिंग आणि डीटीपी शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ज्याला त्याला संगणकावर काहीतरी काढायचं होतं. शेठनी वधू-वर केंद्र काढलं. वर लग्नं जमली की मंडळी बस्ता बांधायला खालीच उतरतील, असा त्यांचा सरळ विचार. आणि हे केंद्र संगणकावर उभं करायला त्यांनी साळवे सरांना धरून आणलं.

सर मुळात गणिताचे. बरीच वर्षं कॉलेजांमधून तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनला नवं कॉलेज, नवी ओळखपाळख, आणि एप्रिलमध्ये "पुढच्या वर्षी बघू." वडील साखर कारखान्यात कामगार होते. सरांच्या घरी पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली इंग्रजी पुस्तकांची चळत असायची. त्यातली संगणकाची सगळी त्यांनी एकट्यानं, कोणी न शिकवता, रेटून वाचून काढलेली. "कायम" हा शब्द त्यांच्या आयुष्यात कधी आला नाही. त्याबद्दल ते बोलायचे नाहीत, पण कुणी विषय काढला की चष्मा पुसायला घ्यायचे.

दमलेला माणूस शक्ती कशी वाचवतो हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांची उत्तरं ठरलेली असायची. "काय सर, कसं काय?" असं कुणी विचारलं की "चाललंय, रेटतोय." शेठनी "काम कुठवर आलं?" विचारलं की "होऊन जाईल." लग्नाची पत्रिका हातात पडली की "येतो, येतो, घरचंच कार्य आहे." एकदा एक गृहस्थ तेराव्याचं आमंत्रण द्यायला आले आणि सरांच्या तोंडून सवयीनं तेच "येतो, येतो, घरचंच कार्य आहे" बाहेर पडलं. गृहस्थ गहिवरले. मी मात्र संगणकाच्या मागं तोंड लपवून हसत होते. नंतर सर शांतपणे म्हणाले, "कुलकर्णीबाई, हसू नका. प्रत्येकाला नवं वाक्य करून द्यायला लागलो तर दुपारपर्यंतच मी आडवा होईन."

पण खरा प्रश्न आला की हा माणूस दुसराच व्हायचा. खडू हातात घेऊन उभा राहायचा, थकवा कुठल्या कुठं. पोरं म्हणूनच त्यांना मानायची. कुठल्या प्रश्नाला ठेवणीतलं उत्तर मिळतं आणि कुठल्याला ताजं, ते पोरांना बरोबर कळायचं.

केंद्राचं काम असं होतं. एका संगणकात सगळ्या मुलामुलींची माहिती, आणि वर क्लासशेजारच्या हॉलमधल्या तीन पडद्यांवर ती पानांसारखी उघडायची, जशी पुढं इंटरनेटवर सगळीकडे उघडू लागली. ती पानं बनवायचा सांगाडा सरांनी स्वतः लिहिला होता. आता त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तेव्हा आम्ही नुसतं "सरांचं ते" म्हणायचो. पण पान उघडायला फार वेळ लागायचा. मुलीचं नाव दाबलं की वरची पट्टी, तोरणाचं चित्र, तालुक्यांची यादी, शिक्षण, कुटुंब, मामाचं गाव, अपेक्षा, सगळं तो बिचारा संगणक दर वेळी नव्यानं गोळा करायचा. पाहुणे चहा संपवून कप खाली ठेवायचे तरी पडद्यावर नुसतं तोरण लटकलेलं. शेठ चिडले. "सर, एवढ्या वेळात तर मी पोरगी घरी जाऊन बघून येईन!"

सरांनी "हं" केलं आणि शेठना घेऊन खाली दुकानात उतरले. म्हणाले, "शेठ, तुम्ही रोज सकाळी दुकान उघडता. गादी रोज नवी शिवता का? आरसा रोज नवा लावता? ते जागच्या जागी असतं. हलतात त्या फक्त साड्या. पानाचंही तसंच करू. जे बदलत नाही ते तुकडे एकदाच बनवून ठेवू. पान मागितलं की तयार तुकडे उचलायचे, जोडायचे, आणि जे खरंच बदलतं तेवढंच ताजं करायचं." शेठना ते एकदम पटलं. साड्यांच्या भाषेत सांगितलेलं त्यांना कुठलंही पटायचं.

आणि पानं खरोखरच फटाफट उघडायला लागली. फोटो, वय, नोकरी ताजी. बाकीचं कुटुंबाचं, मागच्या लग्नाचं वगैरे, तुकडे बांधून ठेवलेलं. प्रत्येक तुकड्याला एक खूण असायची. त्या खुणेनं तो ठेवायचा, त्याच खुणेनं काढायचा. मी विचारलं, खूण म्हणून नोंदणीचा नंबर का नाही देत? सर एकदम कडक झाले. "नाही. वसतिगृहात आम्हाला नंबरानं हाक मारायचे, बाई. जेवायला नंबर, आंघोळीला नंबर. माझ्या कामात माणूस नावानंच राहील." म्हणून खूण कशी? मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. मला ते फार आवडलं होतं. आजही चूक म्हणवत नाही.

क्लासमधल्या एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "सर, तुकडा शिळा झाला हे संगणकाला कळतं कसं?" सरांनी उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं. "कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं. ठेवणं सोपं आहे पोरी, टाकणं कधी आणि कोणाचं, यात सगळी अक्कल आहे." आपला घात शिळेपणानं होणार नव्हता, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात घरटी एक भाऊसाहेब असतो. एक रावसाहेब, एक बाळासाहेब, आणि एखादा अण्णासाहेब. कागदावर नाव ज्ञानदेव असेल, नामदेव असेल, पण हाक भाऊसाहेब. पुढं पुढं तर माणूस स्वतःही ज्ञानदेव विसरतो आणि फॉर्मवर भाऊसाहेबच लिहितो. आणि नेवाशाकडच्या एका गावात, शेळक्यांच्या एकाच भावकीत, दोन भाऊसाहेब होते. दोघांनाही मुली. दोघींचंही नाव संगीता.

एक संगीता डीएड झालेली, लग्नाची. दुसरीचं लग्न झालं होतं, मोडलं होतं, आणि एक लहान मुलगी घेऊन ती माहेरी परत आली होती. ही दुसरी एकटीच केंद्रात आली होती, नाव देताना सारखी जिन्याकडं बघत. "घरी म्हाईत न्हाई," मला म्हणाली. "भाऊ जीव घेतील. माजं कुनाला दाखवू नका, कोनी चांगला मानूस आला तर तुमीच मला सांगा." सरांनी तिचं पान बंद ठेवलं. फक्त तिला एकदा सगळं बरोबर भरलंय ना म्हणून पडद्यावर उघडून दाखवलं. तेवढ्या उघडण्यात तिच्या माहितीचा तुकडा बनला आणि तिच्या नावानं जाऊन बसला.

पुढं डीएडवाल्या संगीताचं, पान न उघडता नुसत्या फॉर्मवरनंच, संगमनेरपलीकडच्या अकोले तालुक्यातल्या एका शाळामास्तराशी जमलं. मुलगी बघून झाली, पसंती झाली, सुपारी फुटायची राहिली होती. मुलाचे चुलते काही कामानं श्रीरामपुरात आले होते. जाता जाता केंद्रात शिरले आणि सूनबाईचं पान बघू म्हणाले. नाव दाबलं. फोटो तिचा, वय तिचं. आणि खाली संगणकानं त्याच खुणेचा तयार तुकडा उचलून चिकटवला: घटस्फोटित, एक मुलगी. चुलते काही न बोलता उठून गेले. दोन दिवसांत निरोप आला की लपवाछपवीचं घर आम्हाला नको.

मुलीचे वडील, भाऊसाहेब, आमच्याकडं आले तेव्हा आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. ते नुसते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. टोपी काढून हातात धरली. "सर, माजी पोर पांढऱ्या कागदावानी हाय. तिला तुमी लगीन झालेली केली. आता गावात कुनाकुनाला सांगू? घरात चूल न्हाई पेटली." मला त्यांच्याकडं बघवेना.

सरांनी पडद्यावर पान उघडलं. बघितलं. चेहऱ्यावरनं कळलं की त्यांना सगळं उमगलंय. शेठनी आम्हा दोघांना खाली दुकानात नेलं, साड्यांच्या ढिगामागं. "सोपं आहे," शेठ म्हणाले. "सांगा दोन हजार सालाची गडबड आहे. पेपरात रोज येतंय की संगणक बिघडणार म्हणून. किंवा सरळ त्या दुसरीचा फॉर्म काढून दाखवा. दोन मिनिटांत मिटेल."

सर म्हणाले, "शेठ, वर बसलेले गृहस्थ तिच्या भावकीतले आहेत. फॉर्म दाखवला की आज संध्याकाळी तिच्या घरी कळेल."

"मग काय, आपल्या गिऱ्हाइकाचं लग्न मोडू द्यायचं?"

"नाही. तेही मोडू द्यायचं नाही."

"दोन्ही कसं जमेल?"

सरांनी ठेवणीतलं "होऊन जाईल"सुद्धा म्हटलं नाही. हळूहळू जिना चढून वर गेले, भाऊसाहेबांच्या शेजारी पायरीवरच बसले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, चूक माझी आहे. संगणक नीट चालतो का बघायला मी खोटी माहिती भरली होती. ती काढायची विसरलो. ती तुमच्या मुलीला चिकटली."

"मंग ती घटस्फोटवाली कोन? आमच्या भावकीतली ती दुसरी संगीता तर न्हवं?"

"कोणी नाही. माझ्या मनची."

भाऊसाहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "शिकल्यालं मानूस तुमी, आन् पोरींच्या नावावर असला खेळ करता व्हय?" मी तोंड उघडणार तोच सरांनी नुसता हात थोडा वर केला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला निघालो. बाईमाणूस बरोबर असलं की लोक अंगावर येत नाहीत, असं म्हणून शेठनी मला बरोबर धाडलं. संगमनेरला गाडी बदलली, अकोल्यापासून पुढं जीप. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं, सरांच्या मांडीवर कुणाचं तरी तांदळाचं पोतं. ते वाटेत फारसं बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "गणित शिकवलं ना मी, बाई. खोटं सांगायचं तरी ते शेवटपर्यंत जुळायला पाहिजे. एका ठिकाणी सुटलं की ती पोर उघडी पडेल." मग डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते. ते पाठ करत होते.

मुलाच्या घरी ओसरीवर सगळे जमले होते. चुलते पुढं. सरांनी सगळं सांगितलं, अगदी वर्गात प्रमेय सांगावं तसं, एकही पायरी न गाळता. चाचणीची माहिती कशी भरली, ती कशी राहून गेली, पान जोडताना ती कशी आली. फक्त मूळचं विधान खोटं होतं.

चुलते म्हणाले, "आमी खुळे न्हाई. आसं कुनी मुद्दाम भरतं व्हय? पोरीकडनं बोलायला तुमाला पाठवलंय."

"मला कोणी पाठवलेलं नाही. हवं तर तिच्या शाळेत चौकशी करा, गावात करा, तिच्या मामाकडं करा. तिच्या बाबतीत कुठंही वेगळं निघालं तर मला बोला. वेगळं फक्त माझ्याकडं होतं."

मुलाची आई दारातनं पुढं आली. हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं खाली ठेवला नाही. "सर, तुमाला लेक हाय का?"

"आहे. एक आहे."

"तिचं नाव टाकलं आसतं का आसं, येड्यावानी?"

सरांची मान खाली गेली. "चुकलं, बाई."

"चुकलं म्हनून सुटता तुमी. पोरगी मला पयल्याच दिशी पसंत पडली हुती, म्हनून ऐकती हाय. न्हाईतर तुमाला पानी बी दिलं नसतं." आणि तिनं तांब्या पुढं केला. सर पाणी प्यायले. मी त्यांच्याकडं बघत होते. हा माणूस खोट्याला खोटं म्हणायला कधी कचरला नव्हता, कॉलेजात असल्याच बोलण्यापायी दोनदा नोकरी गमावलेला. इथं तो एका अनोळखी बाईकडनं खोट्यापायी बोलणी खात होता आणि ती पाण्याबरोबर गिळत होता. चुलत्यांनी चौकशी केलीच. ती सगळी नीट निघाली. सुपारी फुटली, लग्नही झालं. बस्ता मात्र संगमनेरला बांधला.

लग्न वाचलं तसं सरांचं नाव गेलं. ओसरीवरची गोष्ट नेवाशापासून अकोल्यापर्यंत पसरली. श्रीरामपूरच्या केंद्रात मास्तर खोट्या पोरी भरतो, पोरींच्या नावावर काय वाटेल ते लिहितो. लोक आपापले फॉर्म परत न्यायला यायला लागले. शेठला खरं काय ते ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता, पण दुकानदार होता. एक दिवस म्हणाले, "सर, मला माहीत आहे हो. पण लोकांना माहीत नाही, आणि तुम्ही सांगू देत नाही. मग मी काय करू?" सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणखी एक उन्हाळा, आणखी एक "पुढच्या वर्षी बघू." फक्त या वेळी ते त्यांनी स्वतःहून ओढवून घेतलं होतं.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, निदान मला तरी चार लोकांत बोलू द्या. कोण ती संगीता, तिला पत्तासुद्धा नाही! सर चष्मा पुसत म्हणाले, "नाहीच लागायला पाहिजे. लागला तर मग मी केलं काय?"

जायच्या आधी त्यांनी सांगाड्यातली ती तयार तुकड्यांची सोय पार काढून टाकली. नंबर देऊन ती नीट करता आली असती. मी म्हटलंही तसं. ते म्हणाले, "पुढचा कोण येईल ते माहीत नाही. त्यानं चुकीची खूण दिली तर बघायला मी नसेन. उशीर लागला तर लागू द्या. उशिरानं कुणाचं लग्न मोडत नाही." पानं पुन्हा पहिल्यासारखी रखडू लागली.

केंद्रातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी दुसरी संगीता आली. खाली साडीला फॉल लावायला टाकलाय म्हणाली, तेवढ्यात वर डोकावली. पिशवीत मुलीसाठी घेतलेल्या बांगड्या होत्या. सरांसमोरच्या खुर्चीत टेकली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "सर, आमच्या भावकीतल्या पोरीचं लगीन मोडता मोडता ऱ्हायलं म्हनं. हितंच कुना येड्यानं खोटंनाटं भरलं हुतं. मला तर रातभर झोप न्हाई. माजं नीट हाय ना?"

"तुमचं नीट आहे," सर म्हणाले.

"कुनी बघितलं न्हाई ना?"

"नाही. कुणी नाही."

"दावा बरं एकदा."

सरांनी तिचं पान मागितलं. पडद्यावर वरची पट्टी आली आणि थांबली. मला शेजारी क्लासमध्ये मुलींचा तास होता, मी वह्या उचलल्या. दारातनं मागं वळून पाहिलं तर सर हात गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडं बघत बसले होते, आणि ती वैतागून टेबलावर बोटं वाजवत होती. "किती उशीर लावतंय हो हे! मागल्या बारीला कसं पटदिशी आलं हुतं. तुमी बिघडवलं का काय?"

"हो," सर म्हणाले. "बसा जरा. येईल."